डॉक्टरांवर ग्राहक आयोगात केस, पॉलिसी दोन: वकिलाचा खर्च कोण देणार?

ग्राहक आयोगाची नोटीस बहुधा डॉक्टर आणि रुग्णालय दोघांच्याही नावाने येते. डॉक्टरांची स्वतःची प्रोफेशनल इंडेम्निटी (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा विमा) असते, रुग्णालयाची वेगळी. 'दोनपैकी एक कंपनी देईलच' म्हणून माणूस निवांत राहतो आणि क्लेम दोन्हीकडून परत येतो.

या पॉलिसी साधारणपणे 'क्लेम्स मेड' असतात. म्हणजे तक्रार आली तेव्हा पॉलिसी चालू हवी आणि उपचार रेट्रोॲक्टिव्ह तारखेनंतरचे (पॉलिसीत लिहिलेली ही तारीख; तिच्या आधीच्या उपचारांना संरक्षण नसतं) हवेत. कंपनी बदलताना जुनी तारीख नव्या पॉलिसीत उतरली का, ते आधी तपासा.

नोटीस, तक्रारीची प्रत, केसपेपर, संमतीपत्र, मेडिकल कौन्सिलची चालू नोंदणी हे कागद सहसा मिळतात. अडतं ते रुग्णालयाच्या पॉलिसीवर. व्हिजिटिंग डॉक्टरांनी ती कधी पाहिलेलीच नसते. आपण तिच्यात येतो की फक्त पगारी डॉक्टर, हे प्रत हातात आल्याशिवाय कळत नाही. रुग्णालय टाळाटाळ करतं. लेखी मागा आणि पोच घ्या.

तुम्ही दोन्हीकडे येत असाल तर 'कॉन्ट्रिब्युशन'चं, म्हणजे दोन कंपन्यांनी खर्च वाटून घेण्याचं, कलम वाचा. वाटणी विमा रकमेच्या प्रमाणात असेल, तर ५० लाख आणि १ कोटीच्या पॉलिसींत ३ लाखांच्या खर्चाचे १ आणि २ लाख होतात. काही पॉलिसी मात्र 'दुसरा विमा संपला की आम्ही' म्हणतात. दोन्हींत तेच लिहिलेलं असेल तर पत्रापत्री सुरू होते आणि मधल्या काळात वकिलाची फी तुमच्याच खिशातून जाते. म्हणून पहिल्याच पत्रात दोन्ही कंपन्यांना एकमेकींची नावं व पॉलिसी क्रमांक कळवा. लपवलंत तर ते तुमच्यावरच उलटतं.

बरेच क्लेम अडकतात ते कंपनीच्या पूर्वसंमतीवर. ओळखीचा वकील लावून, फी भरून, मग बिल पाठवलं तर कंपनी हात वर करते. आधी कंपनीची लेखी मंजुरी, मग वकीलपत्र. रुग्णालयाचा बचाव 'चूक डॉक्टरांची' असा असेल, तर त्यांच्याच वकिलावर विसंबू नका.

मुदतीचा घोळही नेहमीचा. आयोगात उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर ४६ वा दिवस चालत नाही. हे दिवस तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यापासून मोजतात, म्हणून पाकीट जपा. विमा कंपनीला मात्र त्याच दिवशी मेल करा. तिच्या मंजुरीची वाट पाहिली म्हणून आयोग थांबत नाही.