पन्नास हजार प्रतींची अट

नागपुरात 'बँड' म्हटलं की आधी वरातीतला बँडच डोळ्यांसमोर येतो. गंमत म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात निर्धास्तही तोच. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधींच्या वेळी गाणी वाजवायला सूट आहे, आणि वरात व लग्नातले समारंभ त्यातच धरले आहेत. पंचाईत होते ती गिटार-कीबोर्डवाल्या चार पोरांची. धरमपेठेत भाड्याच्या खोलीत सराव करायचा, एखादं सिनेगीत आपल्या ढंगात रेकॉर्ड करायचं आणि विकायचं, एवढीच त्यांची इच्छा. पण विकायचं म्हटलं की परवानगी आली.

ही परवानगी एके काळी फार सोपी होती. ग्रामोफोन नवा असताना, १९११ च्या ब्रिटिश कायद्यात आणि त्यावर बेतलेल्या आपल्या १९१४ च्या कायद्यात, एक तत्त्व आलं: मालकाच्या संमतीने गाणं एकदा तबकडीवर आलं, की दुसऱ्या कुणीही नोटीस देऊन, रॉयल्टी भरून ते पुन्हा रेकॉर्ड करावं. मालकाला अडवता येणार नाही. एकाच कंपनीने गाणी दाबून बसू नये, हा हेतू. १९५७ च्या कायद्यात हीच तरतूद कलम ५२(१)(जे) म्हणून आली. तबकडी काढणं तेव्हा खर्चाचं काम असल्यामुळे तिचा फायदा घेणारे थोडेच.

कॅसेट आली आणि चित्र पालटलं. १९८० च्या दशकात गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने याच कलमाचा आधार घेत जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतली आणि स्वस्तात विकली. धंद्यात त्यांना 'व्हर्जन' म्हणत. सीताबर्डीवर घेतलेली अशी एक कॅसेट आमच्या घरी अजून आहे. कव्हरवर सिनेमाचं नाव ठसठशीत, आणि गाणारे भलतेच आहेत हे मात्र बारीक अक्षरांत, आतल्या घडीवर. घरी आणून लावल्यावरच कळायचं! नव्या गायकांना यातून पहिली संधी मिळाली, हेही खरं; सोनू निगम रफींची गाणी गातच पुढे आला.

मूळ कंपन्या अर्थातच खवळल्या. १९९४ च्या दुरुस्तीने दोन वर्षं थांबण्याची अट घातली आणि फसव्या वेष्टनाला बंदी केली. पण खरा दणका २०१२ चा. त्या वर्षी २१ जूनपासून जुनं कलम जाऊन ३१-सी आलं. दोनाची पाच वर्षं झाली, तीही पहिलं रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर मोजायची. म्हणजे २०२० चं गाणं थेट १ जानेवारी २०२६ पासून मोकळं. कव्हरवर मूळ गायकाचं किंवा सिनेमाचं नाव नको. मालकाने आधी न केलेला किंवा त्याची संमती नसलेला बदल नको. तांत्रिक गरजेपुरता तेवढा चालेल. आणि रॉयल्टी आगाऊ भरायची, तीही प्रत्येक गाण्यामागे दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची.

समजा, प्रतीमागे एक रुपया धरला. आठ गाण्यांचे ४ लाख रुपये झाले, पहिली प्रत खपायच्या आधीच. लाखांनी कॅसेटी खपवणाऱ्यांना आवरण्यासाठी लावलेली ही अट कॅसेटचा धंदा बसल्यावर, पाचशे सीडी काढू पाहणाऱ्या पोरांच्या गळ्यात पडली. कमी खपाच्या भाषा-बोलींसाठी हा आकडा खाली आणायची मुभा कायद्यात आहे, पण तो निर्णय मंडळाने घ्यायचा. ते कॉपीराइट मंडळ २०१७ मध्ये दुसऱ्या न्यायाधिकरणात विलीन झालं, आणि २०२१ मध्ये ते न्यायाधिकरणही गेलं. शिवाय 'आपल्या ढंगात' हा बँडचा जीव. नेमका तोच या कलमात बसत नाही. म्हणून छोट्या बँडला उरतो तो सरळ मालकाकडे, म्हणजे सिनेगीतांच्या बाबतीत बहुधा संगीत कंपनीकडे, जाऊन लेखी परवाना मागण्याचा रस्ता. सभागृहातल्या कार्यक्रमासाठी घेतलेला परवाना इथे चालत नाही, आणि व्हिडिओ काढायचा तर त्याचीही वेगळी बोलणी.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भीमगीतांच्या कॅसेटी, पुढे सीडी मिळत आल्या आहेत. त्यांतली कित्येक सिनेमाच्या चालींवर. ऐकताना चाल ओळखीची, शब्द नवे. कायद्याच्या भाषेत हे 'कव्हर व्हर्जन', म्हणजे त्याच गाण्याचं नवं रेकॉर्डिंग, नव्हेच, ते रूपांतर; त्याला ३१-सी लागूच होत नाही, मालकाची संमतीच हवी. लोकगायकीची ही रीत कायद्याने कधी नीट लक्षात घेतली, असं मला तरी वाटत नाही.

शब्द आणि चाल यांचे हक्क निराळे, हेही विसरून चालत नाही. आपल्या नागपूरच्या राजा बढे यांचं 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ मध्ये राज्यगीत झालं. बढे १९७७ मध्ये गेले. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं या हिशेबाने त्यांचे शब्द २०३७ अखेर मोकळे होतील. चाल श्रीनिवास खळ्यांची, ते २०११ मध्ये गेले. ती २०७१ संपेपर्यंत नाही.