ओझरचे तेजस आणि कॉकपिटमधली दुसरी खुर्ची

ओझरच्या विमान कारखान्याला नाशिककर अजूनही 'मिग'च म्हणतात. १९६४ साली मिग-२१ विमानांच्या बांधणीसाठी तो उभा राहिला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ते विमान हवाई दलातून निवृत्त झाले तरी कारखान्याचे नाव काही सुटलेले नाही. याच कारखान्यात बांधलेल्या तेजस मार्क-१ए विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या धावपट्टीवरून उड्डाण केले. प्रवासी विमानांतील वैमानिकांची जागा यंत्रे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता घेतील का, या प्रश्नाची सुरुवात या लढाऊ विमानापासून करण्याचे कारण असे, की तेजस संगणकाच्या मदतीशिवाय कोणत्याही माणसाला उडवताच येत नाही.

हा दोष नसून मुद्दाम केलेली रचना आहे. तळहातावर उभी काठी तोलताना हात जसा सतत किंचित हलवत राहावा लागतो, तसे हे विमान क्षणोक्षणी तोल सोडू पाहते. त्यामुळेच ते चपळाईने वळते. त्याचा तोल सांभाळण्याचे काम संगणक सेकंदाला कित्येक वेळा करतो. वैमानिक दांडा हलवून आपला हेतू सांगतो आणि पंखांचे कोणते पाते किती हलवायचे, हे संगणक ठरवतो. हा संगणक चार समांतर वाहिन्यांचा आहे. चारही वाहिन्या स्वतंत्रपणे गणित करतात आणि एखादीचे उत्तर इतरांशी जुळले नाही, तर तिला बाजूला सारले जाते. विमान संगणकाच्या हाती सोपवता येते का, हा प्रश्न त्यामुळे जुना झाला आहे. प्रवासी विमानांतही १९८८ मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए-३२० पासून वैमानिकाचा हात आणि पंखांची पाती यांच्यामध्ये संगणक बसलेला आहे.

ऑटोपायलट तर याहून कितीतरी जुना. १९१४ साली पॅरिसजवळ लॉरेन्स स्पेरी या अमेरिकी तरुणाने भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या चाकांवर चालणारे स्थिरक विमानात बसवले आणि प्रेक्षकांसमोरून उडताना दोन्ही हात वर करून दाखवले. १९६५ मध्ये ब्रिटनच्या ट्रायडंट विमानाने प्रवाशांसह स्वयंचलित अवतरण केले. आज दिल्लीच्या दाट धुक्यात विमाने उतरतात ती याच तंत्राने, मात्र त्यासाठी धावपट्टीवर, विमानात आणि वैमानिकाच्या प्रशिक्षणात तशी सोय असावी लागते. धुक्यात यंत्र माणसाहून सरस ठरते. उलट आडवा वारा जोराचा असेल तर स्वयंचलित अवतरणाची मर्यादा आधी संपते आणि वैमानिकाला विमान हाताने उतरवावे लागते.

या वाटचालीत कॉकपिटमधली माणसे मात्र कमी होत गेली. १९५० च्या दशकात लांब पल्ल्याच्या विमानात दोन वैमानिकांखेरीज दिशादर्शक, रेडिओ चालवणारा आणि फ्लाइट इंजिनिअर असत. एकेकाचे काम यंत्राकडे गेले आणि १९८० च्या दशकापासून दोघेच उरले. खरा वाद आता दुसऱ्या खुर्चीचा आहे, आणि माझ्या मते आधीच्या तीन खुर्च्या हलवण्यापेक्षा ही खुर्ची हलवणे फार अवघड आहे.

याचे कारण ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच एका शोधनिबंधात मांडले होते. यंत्र सोपी कामे उचलते आणि अवघड कामे माणसाकडे ठेवते. शिवाय रोजचा सराव गेल्यामुळे ती अवघड कामे करण्याची माणसाची तयारीही कमी होते. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे रिओहून पॅरिसला निघालेले विमान अटलांटिकवर असताना त्याच्या वेगमापक नळ्यांत बर्फ साचले. वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनासे झाल्यावर ऑटोपायलट नियमाप्रमाणे बाजूला झाला आणि रात्रीच्या वादळी ढगांत विमान अचानक माणसांच्या हाती आले. नाक वर उचलले गेल्याने पंखांची उचल संपली, आणि काय घडते आहे हे नीट उमगण्याआधीच, साडेचार मिनिटांच्या आत, २२८ माणसांसह विमान समुद्रात कोसळले. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने २०१३ मध्ये वैमानिकांना शक्य तेव्हा हाताने विमान उडवण्याचा सराव ठेवावा, असे सुचवले, ते याच प्रकारच्या चिंतेतून.

मग माणूसच काढून टाकला तर? बोइंग ७३७ मॅक्सचे दोन अपघात येथे आठवतात. २०१८ मध्ये इंडोनेशियात १८९ आणि २०१९ मध्ये इथिओपियात १५७ माणसे गेली. विमानाचे नाक खाली दाबणारी एक स्वयंचलित प्रणाली एकाच संवेदकाच्या चुकीच्या आकड्यावर विसंबली होती. तेजसमध्ये चार वाहिन्या एकमेकींची उत्तरे ताडून पाहतात. मॅक्समध्ये खोटे बोलणाऱ्या संवेदकाला खोटे ठरवणारे दुसरे कोणी त्या प्रणालीने विचारातच घेतले नव्हते.

आतापर्यंत सांगितलेली सर्व यंत्रे ठरावीक नियमांवर चालतात, आणि हेच त्यांचे बळ आहे. प्रत्येक ओळ कशासाठी लिहिली, हे तपासणाऱ्याला दाखवता येते. विनाशकारी बिघाडाची शक्यता उड्डाणाच्या शंभर कोटी तासांत एकाहून अधिक नसावी, अशी मोठ्या प्रवासी विमानांच्या प्रणालींसाठी अट असते. उदाहरणांवरून शिकणारी कृत्रिम बुद्धिमत्ता या चौकटीत सहज बसत नाही, कारण तिचे ज्ञान लक्षावधी आकड्यांत विखुरलेले असते आणि न पाहिलेल्या प्रसंगी ती काय करील, हे आधी सिद्ध करणे कठीण असते. तिची क्षमता कमी आहे असे मात्र नव्हे. २०२० मध्ये एअरबसने ए-३५० विमान कॅमेऱ्यांनी धावपट्टी ओळखून चाचणीत आपोआप उडवले आणि उतरवलेही. आपल्या द्राक्षबागांवर फवारणी करणारा ड्रोन चुकला तर वेलींची एखादी ओळ जाते. प्रवासी विमानाला तेवढी सवलत नाही. दिल्ली मेट्रोच्या मजेंटा मार्गावर २०२० पासून चालकाविना गाड्या धावतात, पण शंका आली की गाडी जागीच थांबवता येते. विमानाला आकाशात थांबा नसतो.

आणि प्रसंग कसे येतात, ते पाहावे. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए-३८० विमानाचे एक इंजिन हवेत फुटले आणि त्याच्या तुकड्यांनी पंखातील तारा व नळ्या कापल्या. पडद्यावर बिघाडांच्या सूचनांची रांग लागली, ती तपासण्यातच सुमारे पन्नास मिनिटे गेली. कॉकपिटमध्ये योगायोगाने पाच वैमानिक होते. काय बिघडले यापेक्षा काय शाबूत आहे हे मोजत त्यांनी ४६९ जणांना सुखरूप उतरवले.

न्यूयॉर्कमध्ये १५ जानेवारी २००९ रोजी हंस पक्ष्यांच्या थव्याने ए-३२० ची दोन्ही इंजिने निकामी केली. (हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला आपण ज्यांच्यासाठी दुर्बिणी घेऊन जातो, त्या पाहुण्यांच्या भाऊबंदांची जेट इंजिनाशी गाठ अशी पडते.) नंतर सिम्युलेटरवर विमान तत्काळ मागे वळवले असता काही प्रयत्नांत ते धावपट्टीवर पोहोचले, पण विचार करण्यासाठी ३५ सेकंद धरल्यावर पोहोचले नाही. विमान धावपट्टीऐवजी हडसन नदीत उतरवण्याचा निर्णय माणसाचा होता. विमान हवेत पंखांची उचल गमावणार नाही, याची राखण मात्र संगणक करत होता. १५५ जण वाचले.

माणूसही घातक ठरू शकतो. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने कॉकपिटचे दार आतून बंद करून विमान आल्प्स पर्वतावर आदळवले आणि १५० जीव गेले. यंत्राच्या बाजूने बोलणारे हे उदाहरण देतात आणि त्यात तथ्यही आहे. परंतु त्या वेळी कॉकपिटमध्ये एकच माणूस उरला होता, हेही त्याच घटनेत आहे. तेजस मार्क-१ए ला एकच खुर्ची असते, पण ती संकटात वैमानिकाला घेऊन बाहेर झेपावते आणि तिच्या मागे प्रवाशांच्या रांगा नसतात.

युरोपीय संघाच्या विमान सुरक्षा संस्थेने उड्डाणाच्या शांत टप्प्यात, म्हणजे विमान उंचीवर स्थिर उडत असताना, एकाच वैमानिकाला कॉकपिटमध्ये ठेवण्याच्या कल्पनेचा अभ्यास केला. सध्याच्या कॉकपिट रचनेत ती पद्धत दोन वैमानिकांइतकी सुरक्षित असल्याचे पुरेसे दाखवता येत नाही, असा निष्कर्ष २०२५ मध्ये निघाला. एकटा वैमानिक झोपला, आजारी पडला किंवा त्याचे शौचालयात जाणे झाले, तर पुढे काय, असे अगदी साधे प्रश्न त्यात अडसर ठरले. लहान खासगी विमानांत मात्र २०२० पासून अशी प्रमाणित सोय आली आहे, की वैमानिक बेशुद्ध पडल्यास प्रवाशाने एक बटण दाबावे आणि विमानाने स्वतःच जवळचा विमानतळ निवडून तेथे उतरावे. मला वाटते, मोठ्या विमानांत बदल आलाच तर तो याच वाटेने, आधी माणसाच्या मदतीला म्हणून आणि मालवाहू विमानांतून येईल. प्रवासी विमानातील दुसऱ्या खुर्चीवर तोवर माणूसच बसलेला असेल.