किंगपिन बुश

किंगपिन बुश : ट्रकच्या पुढच्या ॲक्सलवर स्टब ॲक्सल (चाक धरणारा आखूड, वळता आस) ज्या उभ्या पिनीभोवती, म्हणजे किंगपिनभोवती, वळतो, तिच्यावर बसणारा, झीज सोसणारा नळीसारखा भाग. प्रत्येक बाजूला वरचा आणि खालचा असे दोन बुश असतात. अवजड ट्रकांत बहुधा रिव्हर्स एलियट रचना आढळते. तीत दुबेळके (दोन फाट्यांचे टोक) स्टब ॲक्सलला असते, बीमच्या (ॲक्सलच्या आडव्या तुळईच्या) टोकाला एकच भोक असते आणि पिन त्यात निमुळत्या लॉक-पिनने जखडलेली असते. पिन फिरत नाही. बुशांसह स्टब ॲक्सल तिच्याभोवती फिरतो. मूळ एलियट रचनेत दुबेळके बीमला असते.

इतिहास : प्रत्येक पुढचे चाक स्वतंत्र पिनीभोवती वळवण्याची कल्पना प्रथम कोणाची, याविषयी एकमत नाही. जुन्या घोडागाड्यांत अख्खा पुढचा आस मधल्या एकाच खिळीवर फिरत असे. म्यूनिकचा गाडीकारागीर गेओर्ग लांकेन्सपेर्गर याने १८१६ च्या सुमारास नवी रचना केली. लंडनमधील त्याचा प्रतिनिधी रूडॉल्फ आकरमान याने १८१८ मध्ये तिचे ब्रिटिश पेटंट घेतले आणि नाव त्याचेच रूढ झाले. इंग्रज वैद्य एरॅस्मस डार्विन याने त्याआधी, बहुधा १७५० च्या दशकाच्या अखेरीस, तसेच सुकाणू आखले होते, असे दुसरे मत आहे. ते निराधार नाही. मात्र डार्विनची रचना प्रचारात आली नाही, त्यामुळे आजच्या ॲक्सलची परंपरा लांकेन्सपेर्गरपासून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. आमेदे बोले याच्या १८७३ च्या वाफेच्या गाडीत दोन्ही चाके वेगवेगळ्या पिनींवर वळत, आणि कार्ल बेंझ याचे दुहेरी पिनीच्या सुकाणूचे पेटंट १८९३ चे आहे.

भार व झीज : गाडीचे उभे वजन बुशावर येत नाही, ते बीमखालच्या थ्रस्ट बेअरिंगमधून (उभा दाब पेलणाऱ्या बेअरिंगमधून) जाते. चाक मात्र पिनीपासून बाहेरच्या अंगाला असल्याने स्टब ॲक्सल कलू पाहतो. त्यामुळे वरचा बुश पिनीच्या बाहेरच्या अंगावर आणि खालचा आतल्या अंगावर दाबला जातो. ब्रेकचा मागे-पुढे येणारा भार वेगळाच. म्हणून बुशाचे भोक गोल न झिजता लंबगोल होते. शिवाय हालचाल थोड्याच अंशांची आणि संथ असल्याने तेलाचा पूर्ण थर तयार होत नाही. ग्रीस बुशातले चर (खाचा) भरून वाहत राहिले तरच बुश टिकतो.

प्रकार : ब्राँझचा बुश दाबून बसवतात आणि मग रीमर (भोक नेमक्या मापाला कातणारे हत्यार) मारून पिनीच्या मापाला आणतात. बुशांच्या कामात नेहमी दिसणाऱ्या एसएई ६६० मिश्रधातूत सुमारे ८३ टक्के तांबे, ७ टक्के कथील, ७ टक्के शिसे व ३ टक्के जस्त असते. शिशामुळे तो बारीक कचरा पोटात घेतो आणि पिनीवर ओरखडे कमी पडतात. पोलादी पाठीचे ब्राँझ बुशही मिळतात. नायलॉन किंवा ॲसिटलचा (एका कठीण प्लॅस्टिकचा) बुश रीमर न मारता हाताने बसतो. नायलॉन ओलाव्याने फुगते, ॲसिटल त्या मानाने कमी. दोन्ही उष्णतेने ब्राँझच्या कितीतरी पट प्रसरण पावतात. काही ॲक्सलांत सुई-रोलर बेअरिंगही असते. त्याने सुकाणू हलके होते. पण पिनीचा पृष्ठभाग तितकाच कठीण व निर्दोष लागतो.

निवड : कोणता धातू, यावर वाद फार होतो, खरा निर्णय स्टब ॲक्सलच्या भोकाच्या मापावर ठरतो. भोक मापात आणि गोल असेल तर सतत भारी माल वाहणाऱ्या ट्रकला रीमर मारलेले ब्राँझ अधिक भरवशाचे दिसते. रीमरशिवायच्या बुशाचा वेळ वाचवणारा गुण खरा, परंतु तो भोकाचा दोष झाकतो, दुरुस्त करत नाही. लंबगोल भोकात सैल बसलेला बुश ग्रीसचे भोक सोडून फिरतो आणि कोरडा पडतो. तसेच बीमचे भोक झिजले असेल तर पिनच हलते, मग बुश कोणताही असो. म्हणून दोन्ही भोके आधी गेजने (मापकाने) तपासतात.

रीमर वरच्या बुशातून खालच्यापर्यंत एका रेषेत चालावा लागतो. वेगवेगळे होन केलेले (दगडाने घासून मापाला आणलेले) बुश प्रत्येकी मापात आले तरी एका रेषेत असतीलच असे नाही, आणि मग सुकाणू जड होते. दाबताना बुशाचे भोक निपलच्या (ग्रीस भरण्याच्या तोंडाच्या) भोकासमोर यावे, चराचे उघडे टोक उत्पादकाने सांगितलेल्या बाजूस असावे. उभा प्ले (सैलपणा) बीम आणि वरच्या दुबेळक्यामध्ये शिम (पातळ चकती) घालून काढतात.

तपासणीत चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवतात. ब्रेक दाबला की चाकाच्या बेअरिंगचा प्ले नाहीसा होतो. त्यानंतरही जो उरतो, तो किंगपिनचा.