चांदोबातला वेताळ आला कुठून?

चांदोबा हे मुलांचं मासिक वाचून मोठ्या झालेल्या कुणालाही विचारा, वेताळाची गोष्ट म्हटलं की आधी चित्र आठवतं. हातात उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत आणि काळोखात स्मशानाकडे निघालेला राजा. आठ-दहा वर्षांच्या पोरांनी झोपायच्या आधी वाचावं असं यात वरवर काहीच नाही, तरी घरोघरी आजी-आजोबा हे बिनधास्त हातात द्यायचे. मुलांना झेपेल एवढीच भीती कशी बेतली गेली हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं, आणि मागे गेलं की आपण थेट पैठणला पोचतो.

११व्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने राणी सूर्यमतीसाठी कथासरित्सागर लिहिलं, वेताळाच्या पंचवीस गोष्टी त्यात आहेत. आपण सगळे विक्रमादित्य विक्रमादित्य करतो पण सोमदेवाचा राजा आहे त्रिविक्रमसेन, आणि तो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा! एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो, राजा ते खजिनदाराकडे देऊन टाकतो, मग एक दिवस माकडाच्या हाती लागून फळ फुटतं तर आतून रत्न निघतं. एवढं देतोयस तर तुला हवंय काय असं राजाने विचारल्यावर भिक्षू म्हणतो, वद्य चतुर्दशीच्या रात्री स्मशानात ये, शिंशपेच्या झाडाला लटकलेलं प्रेत मला आणून दे. त्या प्रेतात वेताळ असतो, तो वाटेत गोष्ट सांगून प्रश्न विचारतो, आणि राजा उत्तर द्यायला बोलला की प्रेत परत झाडावर.

त्याच ग्रंथात या कथांच्या जन्माची जी कथा आहे ती तर वेताळाइतकीच अंगावर येते. गुणाढ्य हा सातवाहन राजाच्या दरबारातला पंडित, तो एक पैज हरतो आणि शब्दाला जागून संस्कृत, प्राकृत, देशी सगळ्या भाषा सोडून देतो, जंगलात जाऊन पिशाचांची भाषा शिकतो आणि सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहितो, तीही स्वतःच्या रक्ताने. राजा ती नाकारतो. मग गुणाढ्य टेकडीवर आग पेटवून एकेक पान मोठ्याने वाचतो आणि जाळतो, भोवती हरणं-रानडुकरं चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी. जनावरं वाळली, मुदपाकखान्यात सुकं मांस यायला लागलं, राजा आजारी पडला तेव्हा कुठे चौकशी झाली, तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. माझ्या मते गोष्ट सांगण्याबद्दलची इतकी भारी गोष्ट दुसरी नाही आणि ती आपल्या शाळांमधून सांगितली जायला हवी.

पण मूळ वेताळकथा मुलांसाठी अजिबात नव्हत्या. एका गोष्टीत नवरा आणि त्याचा मेहुणा देवीपुढे आपापली डोकी उतरवतात, बायको घाईत डोकी उलटसुलट जोडते आणि वेताळ विचारतो आता हिचा नवरा कोण. (राजाचं उत्तर, ज्याला नवऱ्याचं डोकं तो.) आत्महत्या, विश्वासघात, जळत्या चिता असं पुष्कळ आहे. मराठी छपाई नवीन होती तेव्हाच, म्हणजे १८३०च्या सुमाराला, बाळमित्र आणि इसापनीती मराठीत आणणाऱ्या सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी वेताळपंचविशीही आणली.

खरा बदल झाला मद्रासमध्ये. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७मध्ये चंदामामा सुरू केला, आधी तेलुगू आणि तमिळमध्ये, आणि १९५२मध्ये तो चांदोबा होऊन मराठीत आला. गोष्टी तेलुगूत तयार व्हायच्या, संपादनाची मुख्य बाजू कोडवटिगंटि कुटुंबराव सांभाळायचे, मग बाकीच्या भाषांत अनुवाद व्हायचे आणि चित्रं मात्र सगळ्यांना तीच. या लोकांनी वेताळाची चौकट तेवढी ठेवली, प्रेत, झाड, राजाचं मौन, उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोकं फुटेल ही धमकी, आणि आतल्या गोष्टी नव्या लिहायला घेतल्या, ज्यात प्रश्न असायचा न्यायाचा, कोण जास्त उदार, कुणाचा त्याग मोठा वगैरे. म्हणजे भीती पहिल्या परिच्छेदात आणि शंकर यांच्या चित्रात, पुढे सगळं डोकं चालवायचं काम. शंकर म्हणजे के. सी. शिवशंकरन, २०२०मध्ये ९७व्या वर्षी गेले, त्यांच्या त्या एका चित्राने कित्येक पिढ्यांच्या डोक्यात वेताळ कायमचा बसवला.

मराठी मुलांना हा वेताळ परका वाटला नाही याला अजून एक कारण आहे असं मला वाटतं. कोकणात, गोव्यात वेताळ हा राखणदार देव आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत वेतोबाला प्रचंड मोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात, केळ्यांचे घड वाहतात, देव रात्री गावाभोवती फिरतो म्हणून वहाणा झिजतात अशी श्रद्धा. भुतांचा राजा, पण आपल्या बाजूचा. चांदोबातला वेताळही राजाला इजा करत नाही, उलट वाट सोपी व्हावी म्हणून गोष्ट सांगतो.

पुढे १९८५मध्ये रामानंद सागरांनी दूरदर्शनवर मालिका आणली, अरुण गोविल विक्रम आणि सज्जन वेताळ. चांदोबाची छपाई मात्र २०१३च्या आसपास थांबली.

चांदोबातला राजा काही स्मशानात पोचला नाही, मासिक दर महिन्याला निघायचं म्हणजे प्रेत झाडावर परत जायलाच हवं. सोमदेवाकडे मात्र शेवट आहे. शेवटच्या गोष्टीत बाप-लेक दोन बायकांच्या पावलांचे ठसे बघून ठरवतात, मोठ्या पावलांची बापाची बायको, लहान पावलांची मुलाची, आणि प्रत्यक्षात मोठी पावलं निघतात मुलीची आणि लहान तिच्या आईची. शब्द दिलेला म्हणून तशीच लग्नं होतात. यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर येत नाही, तो गप्प चालत राहतो आणि वेताळ खूश होऊन सांगतो की हा भिक्षू तुझाच बळी देणार आहे, तो साष्टांग नमस्कार घाल म्हणाला की म्हण, मी राजा, मला सवय नाही, आधी तू करून दाखव. भिक्षू खाली वाकतो आणि राजा तलवार चालवतो.