उच्चतापसह सिरॅमिकांचे वेल्डिंग : जोडाचे बल व चिवटपणा

झिर्कोनियम डायबोराइड, झिर्कोनियम कार्बाइड यांसारखी ३,०००° से.च्या वर वितळणारी सिरॅमिके त्यांच्याच रसाने (वितळून झालेल्या द्रवाने) जोडण्याची क्रिया. या पदार्थांचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत १९६० च्या दशकात झाला. वितळजोडाचे प्रसिद्ध काम मात्र बहुतांशी २०१० नंतरचे दिसते.

ही सिरॅमिके वीजवाहक असल्याने त्यांवर प्लाझ्मा-चाप (अतितप्त, विद्युत्‌भारित वायूतून जाणारी विजेची ज्योत) थेट धरता येतो. भाग आर्गॉनमध्ये सुमारे १,४५०° से. पर्यंत तापवून मग चाप लावतात व सावकाश निववतात. थंड भागावर चाप धरल्यास तो भाग तापाघाताने (तापमानातील एकाएकी बदलाने) जागीच तडकतो.

जोडाचे बल मूळ पदार्थापेक्षा बहुधा कमी भरते. रस थिजताना डायबोराइडचे कण उष्णतेच्या वाटेने लांबट वाढतात आणि मूळच्या काही मायक्रोमीटरांवरून शेकडो मायक्रोमीटरांवर जातात. हे स्फटिक षट्कोनी असून वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळे आकुंचन पावतात. म्हणून मोठ्या कणांच्या सीमा निवतानाच उकलतात. चिवटपणा (तडा पसरू न देण्याची क्षमता) ४ मेगॅपास्कल√मीटर धरल्यास ५० मायक्रोमीटर खोल अर्धवर्तुळी तड्याला भंगबल (मोडण्यास लागणारा ताण) सुमारे ४४० मेगॅपास्कल येते, २०० मायक्रोमीटरला २२०. सिरॅमिक ज्या पुडीपासून बनते ती नीट शुद्ध नसल्यास तिच्यावरील ऑक्साइडांतून वायू सुटून छिद्रे राहतात. सिलिकॉन कार्बाइड मिसळले असल्यास आणखी एक अडचण येते : त्याचे प्रसरण डायबोराइडपेक्षा कमी असते. ३० टक्के सिलिकॉन कार्बाइडच्या मिश्रणात त्याचे कण सुमारे ११.५ मायक्रोमीटरहून मोठे झाले की सूक्ष्म तडे पडतात. बल घटण्याचे खापर काही अभ्यासक छिद्रांवर फोडतात, काही कणवाढीवर. छिद्रे नसलेल्या जोडांतही घट दिसते, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

चिवटपणाचे तसे नाही. लांबट कण तड्याला वळवतात, त्यामुळे बल घटूनही चिवटपणा टिकू शकतो. म्हणून दोन्ही आकडे स्वतंत्र द्यायला हवेत. मापनासाठी टोचा (कठीण अणकुचीदार टोक) उमटवून तड्यांची लांबी मोजणे सोपे, पण येथे ते फसवे आहे : टोच्याची खूण एकाच कणात मावते आणि मोजला जातो तो एका स्फटिकाचा गुण. खाच पाडलेली पट्टी चारबिंदू नमनात (खाली दोन टेकू व वर दोन दाबबिंदू ठेवून) मोडणे श्रेयस्कर. खाचेचे टोक बोथट राहिल्यास आकडा फुगतो. इंदूरच्या सांवेर रोडवर किंवा पीथमपूरच्या कारखान्यांत पोलादी जोड वाकवून पारखतात. ती पारख येथे निरुपयोगी, कारण सिरॅमिक वाकण्यापूर्वीच मोडते.

वितळजोडाखेरीज सिरॅमिकांसाठी ब्रेझिंगही (भाग न वितळवता मधल्या मिश्रधातूच्या रसाने जोडणे) रूढ आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ सारख्या संचयवलयात (वेगवान इलेक्ट्रॉन फिरत ठेवणाऱ्या वर्तुळाकार यंत्रात) स्पंदित चुंबकांखाली ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइड या सिरॅमिकची) निर्वात नळी लागते. जाड धातूच्या नळीत भोवरी प्रवाह उठून चुंबकीय क्षेत्र अडते. अशी नळी धातूच्या टोकांना जोडण्यासाठी ७२ टक्के चांदी व २८ टक्के तांब्याचा मिश्रधातू प्रचलित आहे. तो सुमारे ७८०° से.ला वितळतो, म्हणून याहून तप्त जागी हा जोड चालत नाही.