चार पर्याय आले कुठून?

बहादूरशहा जफरच्या दरबारातल्या कोणत्या कवीने १८५७ च्या बंडाचे स्वतःचे अनुभव 'दास्तान-ए-गदर'मध्ये लिहून ठेवले? मीर तकी मीर, मोहम्मद इब्राहिम जौक, जहीर देहलवी की फिरदौसी? सप्टेंबर २०१९ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'त अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांच्यापुढे एक कोटीसाठी हा प्रश्न आला. त्या शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवायच्या, महिन्याचं मानधन दीड हजार रुपये. त्यांनी जहीर देहलवी हे उत्तर दिलं आणि कोटी रुपये जिंकले.

हा प्रश्न जरा उलटासुलटा करून बघण्यासारखा आहे. फिरदौसी हजार वर्षांपूर्वीचा, तोही इराणचा. मीर १८१० मध्ये गेला. जौक हा जफरचा उस्ताद खरा, पण १८५४ मध्येच वारला, म्हणजे बंड बघायला तो उरलाच नव्हता. देहलवीचं नाव जन्मात ऐकलेलं नसलं तरी बाकीच्या तिघांची सनावळी डोक्यात असेल तर उत्तर हाती लागतं. ताडे यांनी ते याच वाटेने काढलं की त्यांना ते थेट ठाऊक होतं, हा वेगळा भाग. पण हाच प्रश्न पर्यायांविना विचारला असता, तर भल्याभल्यांनी हात टेकले असते. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत कोण बसू शकतं, हे या चार पर्यायांनी जेवढं बदललं तेवढं बक्षिसाच्या रकमेनेही बदललं नाही, असं माझं मत आहे. पर्याय मात्र बरेच उशिरा आले. पैसा त्याच्या कितीतरी आधी आला आणि त्याने पहिला घोटाळाही करून दाखवला.

अमेरिकेत ७ जून १९५५ ला सीबीएस वाहिनीवर '$६४,०००चा प्रश्न' विचारणारा कार्यक्रम सुरू झाला आणि बघता बघता रस्ते ओस पाडू लागला. मग एनबीसीने १९५६ मध्ये 'ट्वेंटी-वन' आणला. स्पर्धक दोन, दोघांना काचेच्या वेगवेगळ्या बंद खोल्यांत उभं करायचं, कानाला हेडफोन. एकाला दुसऱ्याचं काही ऐकू जाऊ नये म्हणून ही सोय, असं प्रेक्षकांना वाटायचं. त्या खोलीतला एसी मात्र मुद्दाम बंद ठेवत, म्हणजे गडी घामाघूम होणार आणि कपाळ पुसताना कॅमेऱ्यात छान दिसणार!

पहिला मोठा विजेता हर्बर्ट स्टेम्पेल. त्याला प्रश्न आणि उत्तरं आधीच मिळत होती. कपडे कसे घालायचे, केस कसे कापायचे, कुठे अडखळायचं, कपाळ कसं टिपायचं, सगळं पढवलेलं. पुढे निर्मात्यांना तो पडद्यावर नकोसा झाला. त्याच्या जागी त्यांना देखणा, खानदानी, कोलंबिया विद्यापीठात शिकवणारा चार्ल्स व्हॅन डोरेन हवा होता. मग डिसेंबर १९५६ मध्ये स्टेम्पेलला हरायला सांगितलं गेलं, आणि तेही कोणत्या प्रश्नावर? १९५५ च्या उत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर कोणाला? उत्तर होतं 'मार्टी'. हा स्टेम्पेलचा अतिशय आवडता सिनेमा. त्याने आदल्या वर्षीच्या विजेत्या सिनेमाचं नाव घेतलं. पैसे गेले त्यापेक्षा एवढं सोपं उत्तर चुकवावं लागलं, हेच त्याच्या मनाला जास्त लागलं असावं.

व्हॅन डोरेनने $१,२९,००० मिळवले, मासिकांच्या मुखपृष्ठावर झळकला. स्टेम्पेल बोलू लागला तेव्हा आधी त्याच्यावर कोणी विश्वास ठेवेना. पण चौकशी लागली आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये व्हॅन डोरेनने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सगळं कबूल केलं. गंमत अशी की तोपर्यंत टीव्हीवरची प्रश्नमंजूषा आधीच ठरवून घेणं हा तिथे गुन्हाच नव्हता! तो कायदा १९६० मध्ये झाला. मोठ्या बक्षिसांचे कार्यक्रम तर त्याआधीच बंद पडले होते.

१९६४ मध्ये आलेला 'जेपर्डी' हे या बदनामीला दिलेलं मिश्कील उत्तर होतं. निर्माता मर्व्ह ग्रिफिनची बायको विमानात त्याला म्हणाली, स्पर्धकांना उत्तरंच देऊन टाक की! आणि नमुना म्हणून तिने आकडा टाकला, ५,२८०. तो ओळखून म्हणाला, एका मैलात फूट किती? झालं, उत्तर देऊन प्रश्न ओळखायला लावणारा कार्यक्रम ठरला. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९७२ मध्ये 'मास्टरमाइंड' सुरू केला. त्यातली ती काळी खुर्ची आणि अंधारातून डोळ्यांवर येणारा उजेड ही कल्पना बिल राइट नावाच्या निर्मात्याची. दुसऱ्या महायुद्धात गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, आपली चौकशी कशी केली होती, ते त्याच्या मनातून गेलेलं नव्हतं. आजही हॉट सीटवर दिवे मंद होतात आणि ते 'धूम धूम' संगीत वाजतं, तेव्हा मला हा माणूस आठवतो.

आपल्याकडे क्विझ आलं ते या सगळ्यापासून लांब, पैशाच्या वासाशिवाय. १९६७ मध्ये नील ओब्रायन यांनी कलकत्त्यात चर्चच्या सभागृहात रीतसर क्विझ घेतलं, तिथून धरतात. १९७२ पासून बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट. आधी हमीद सयानी आणि त्यांच्यानंतर अमीन सयानी यांचा आवाज रेडिओवरून शाळाशाळांत पोचला. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' आला, दोन-दोन विद्यार्थ्यांचे कॉलेजचे संघ. सुंदर कार्यक्रम. पण सगळं इंग्रजीत, आणि पर्याय नाहीत. उत्तर आलं पाहिजे, तेही पटकन, नाहीतर प्रश्न पुढच्या संघाकडे. ज्याच्या घरी इंग्रजी विश्वकोश आणि इंग्रजी मासिकं, त्याचाच हा खेळ. आमच्याकडे वडील तो न चुकता बघायचे. प्रश्न अर्धाच कळायचा, उत्तर ऐकल्यावर मात्र "हे मला माहीत होतं" म्हणायचे. ते खोटं नव्हतं. माहीत असणं आणि तीन सेकंदांत इंग्रजीत सुचणं या दोन गोष्टी आहेत.

४ सप्टेंबर १९९८ ला ब्रिटनच्या आयटीव्हीवर ख्रिस टॅरंटने 'हू वॉन्ट्स टु बी अ मिलियनेअर' सुरू केला तेव्हा या दोन गोष्टी पहिल्यांदा नीट वेगळ्या झाल्या. पर्याय समोर, घाई नाही, मोठ्याने विचार करायला परवानगी. सर्वांत भारी नियम म्हणजे प्रश्न बघितल्यावरही पैसे घेऊन उठता येतं. आपल्याला काय येत नाही हे ज्याला कळतं, त्याला त्याचे पैसे मिळतात. लाइफलाइनही तीनच, पन्नास-पन्नास, मित्राला फोन आणि प्रेक्षकांचं मत. दहा लाख पौंडांचं बक्षीस परवडण्यामागे साधं गणित होतं. भाग घ्यायला लोक फोन करणार आणि त्या महागड्या फोनचा पैसा कार्यक्रमाला मिळणार. घोटाळा करणाऱ्यांनी इथेही वाट शोधलीच. सप्टेंबर २००१ मध्ये मेजर चार्ल्स इन्ग्रमने दहा लाख जिंकले, पण योग्य पर्याय उच्चारला की कोणीतरी खोकतंय, हे ध्वनिमुद्रणात सापडलं. पैसे अडवले, २००३ मध्ये शिक्षा झाली. चार पर्यायांत चोरी करायला एक खोकला पुरतो.

हाच साचा सिद्धार्थ बसूंनी हिंदीत आणला. ३ जुलै २०००, स्टार प्लस, रात्री नऊ, अमिताभ बच्चन. नाव आधी 'लखपती' होतं आणि बक्षीस एक लाख, पण स्टारचे मालक रूपर्ट मरडॉक यांनी ते कोटीवर न्यायला लावलं, असं तेव्हा त्या वाहिनीत असलेल्यांनीच पुढे सांगितलं. पंधरा प्रश्न, १,००० पासून १,००,००,००० पर्यंत. १०,००० आणि ३,२०,००० हे दोन पडाव, तिथे पोचलात की तेवढे पैसे कुठे जात नाहीत. फोनच्या लाइन उघडल्या की घरोघरी डायलवर बोटं झिजायची आणि कानात फक्त एंगेजचा टोन.

ऑक्टोबर २००० मध्ये पहिला करोडपती झाला तो मुंबईचा मराठी पोरगा, हर्षवर्धन नवाथे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. त्याचा शेवटचा प्रश्न होता, राज्यघटनेनुसार यांपैकी कोणाला संसदेच्या कामकाजात भाग घेता येतो? उत्तर, अ‍ॅटर्नी जनरल. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन विचारा, पोरं मान वर न करता सांगतील, अनुच्छेद ८८, बोलता येतं, मत देता येत नाही. अख्ख्या देशाने श्वास रोखून धरलेला प्रश्न अभ्यासिकेत रोजच्या घोकंपट्टीतला होता. यूपीएससी-एमपीएससीवाल्यांना हॉट सीट आपली वाटू लागली ती तिथून.

नक्कल लगेच सुरू झाली. झीने त्याच वर्षी 'सवाल दस करोड का' काढला, बक्षीस दहापट, कार्यक्रम आपटला. सरकारचंही लक्ष गेलं. २००१ च्या वित्त कायद्याने आयकरातल्या 'खेळा'च्या व्याख्येत टीव्हीवरचे बक्षिसाचे कार्यक्रम घातले. तेव्हापासून लॉटरी, घोड्यांच्या शर्यती आणि सामान्य ज्ञान यांना एकच दर आहे, सरळ ३० टक्के, वर अधिभार-उपकर वेगळा. स्लॅब नाही, वजावट नाही. कर आधीच कापला जातो, त्यामुळे कोटी जिंकणाऱ्याच्या हाती कोटी कधीच पडत नाहीत.

पुढची वर्षं भराभर गेली. २००७ मध्ये शाहरुख खान आला. त्या पर्वात प्रेक्षकांसाठी घरबसल्या एसएमएसची स्पर्धा होती. त्यावरून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वाहिनी आणि मोबाइल कंपनीला दंड केला, नेमका एक कोटीचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो रद्द केला. २०१० पासून कार्यक्रम सोनीवर. २०११ मध्ये मोतिहारीचा सुशील कुमार पाच कोटी जिंकला, तो मनरेगाच्या कचेरीत संगणकावर काम करायचा. मराठीत २०१३ मध्ये ई टीव्हीवर सचिन खेडेकरांनी 'कोण होईल मराठी करोडपती' सुरू केलं. २०१९ मध्ये सोनी मराठीवर नागराज मंजुळे 'कोण होणार करोडपती' घेऊन आले, नंतर पुन्हा खेडेकर. मराठीत प्रश्न ऐकून मराठीत विचार करायला मिळणं, हे 'क्विझ टाइम'पासून इथवर यायला २८ वर्षं लागली.

पर्यायांना 'करोडपती'त एक अपवाद मात्र होता. दहा जणांतून हॉट सीटवर कोण बसणार हे ठरवणारा 'फास्टेस्ट फिंगर फर्स्ट'. चार गोष्टी दिलेल्या, त्या फक्त क्रमाने लावायच्या. समजा प्रश्न आला, या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे लावा, भीमा, तापी, कृष्णा, गोदावरी. दहाच्या दहा जणांना येईल. तापी, गोदावरी, भीमा, कृष्णा. सगळ्यांचं बरोबर येतं, पडद्यावर हिरवे आकडे उमटतात, चार सेकंद, साडेचार, पाच, आणि कोणाचं तरी साडेतीन. तो उठतो, डोळे पुसतो, मिठी मारायला धावतो. बाकीचे बसल्या जागी टाळ्या वाजवतात.