आधी माल, मग माणूस : मुंबईच्या संग्रहालयांची पार्श्वभूमी

गावाहून पाहुणे आले की मुंबईतलं संग्रहालय म्हणून त्यांना काळ्या घोड्याजवळच्या घुमटाच्या इमारतीत (पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये) न्यायचं, हे बहुतेक घरांत ठरलेलंच असतं. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय मात्र वाघ-हत्ती पाहून झाल्यावर, मुलं दमली नसतील तरच. वास्तविक बागेतलं संग्रहालय काळ्या घोड्याजवळच्यापेक्षा बरोबर पन्नास वर्षांनी थोरलं आहे, आणि मुंबई कापसावर कशी वाढली हे समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

१८५१ साली लंडनमध्ये मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. साम्राज्यात कुठे काय पिकतं, कुठले कारागीर काय घडवतात, हे एका छताखाली मांडण्याचा तो खटाटोप होता. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून पुन्हा नमुने गोळा होऊ लागले, तेव्हा प्रत्येक वस्तूचा एक जोड इथेच ठेवावा असं ठरलं. धान्य, तेलबिया, कापूस, लाकूड, दगड, विणकाम, भांडी असा तो साठा फोर्टातल्या जुन्या बराकीत मांडला गेला. ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक जॉर्ज बुइस्ट हे काम पाहत होते. म्हणजे मुंबईचं पहिलं संग्रहालय देवादिकांच्या मूर्तींसाठी किंवा राजांच्या तलवारींसाठी निघालंच नव्हतं. व्यापाऱ्याला माल दाखवायची ती जागा होती.

१८५७ चा उठाव झाला आणि फौजेला बराक हवी झाली. जागा तातडीने रिकामी करताना बराचसा संग्रह खिडक्यांतून बाहेर फेकला गेला आणि पुष्कळ वस्तू नष्ट झाल्या. उरलं ते टाउन हॉलमध्ये हलवलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातले डॉक्टर जॉर्ज बर्डवुड यांनी पुढे त्याची जबाबदारी घेतली. नवी इमारत उभारायची तर वर्गणी हवी. त्यासाठी पुढे आले ते जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड. भाऊंचा जन्म गोव्यातल्या मांद्र्याचा. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून ते डॉक्टर झाले, कुष्ठरोगावर औषध शोधण्यात त्यांनी आयुष्याची वर्षं घातली, आणि फावल्या वेळात जुने शिलालेख आणि नाणी वाचली. अशा माणसाला संग्रहालय हवंसं वाटलं नसतं तरच नवल.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी भायखळ्याला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते पायाभरणी झाली. मुहूर्त मोठा भाग्याचा वाटला असणार. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचत नव्हता आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या गासड्यांकडे डोळे लावून बसल्या होत्या. शहरात पैशाचा अक्षरशः पूर आला. रोज नव्या कंपन्या निघत, त्यांचे शेअर रोज चढत. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि त्याच्याबरोबर बँका आणि पेढ्याही. वर्गणीचे आकडे कागदावरच राहिले आणि इमारतीचं काम अडलं. अखेर सरकारने हात दिला आणि २ मे १८७२ रोजी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम लोकांसाठी उघडलं. पायाभरणीपासून दहा वर्षं! भाऊ दाजींना ते पाहायला मिळालं, पण दोनच वर्षांनी ते गेले. संग्रहालयाला त्यांचं नाव मिळायला १९७५ साल उजाडावं लागलं.

आत गेलं की पहिली नजर इमारतीवरच खिळते. इंग्लंडहून आणलेल्या ओतीव लोखंडाचे खांब आणि कठडे, वर रंगवलेलं छत, सोन्याचा वर्ख. ही झळाळी अलीकडे परत मिळालेली आहे. कित्येक दशकं इमारतीची अगदी रया गेली होती. महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून दुरुस्ती केली, तिला २००५ मध्ये युनेस्कोचं पारितोषिक मिळालं आणि २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली. पण खरं थांबायचं ते मातीच्या छोट्या प्रतिकृतींपुढे. वेगवेगळे धंदे करणारी, वेगवेगळ्या पगड्या घालणारी माणसं, गावगाड्यातले कारागीर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे.जे. कला शाळेचे सेसिल बर्न्स इथले क्युरेटर होते, तेव्हापासून असं बरंच काम झालं. काम सुबक आहे, पण पाहताना थोडं अवघडल्यासारखंही होतं. माणसंसुद्धा मालाच्या नमुन्यासारखी, जातीधंद्याचं लेबल लावून मांडलेली. आणि बाहेर, चालत जाण्याच्या अंतरावर, त्याच वर्षांत गिरणगाव वाढत होतं.

इमारतीबाहेरचा दगडी हत्ती चुकवू नये. घारापुरीच्या धक्क्याजवळ तो उभा होता आणि त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ च्या सुमारास तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. फुटला म्हणून तो इथे राहिला, हे एक बरं झालं.

दुसरं संग्रहालय गिरण्यांचा पैसा मुरल्यावरचं आहे. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत कापूस नुसता बोटीत भरून पाठवणारं शहर सूत कातू आणि कापड विणू लागलं. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची पायाभरणी झाली, तेव्हा तीन लाखांची देणगी देणारे सर करीमभाई इब्राहिम हे गिरणीमालकच होते. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांनी घुमट बांधला तो विजापूरच्या गोलघुमटाची आठवण ठेवून. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, तोवर महायुद्ध आलं आणि तिचं लष्करी रुग्णालय झालं. प्रत्यक्ष संग्रहालय उघडलं १० जानेवारी १९२२ रोजी. बराकीतून फौजेने हुसकून लावलेल्या पहिल्या संग्रहालयाच्या मानाने ही उलटी गोष्ट म्हणायची. इथे सैनिक आधी आले आणि मूर्ती मागून.

इथला संग्रह मात्र वेगळ्या वृत्तीचा आहे. पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह, सर रतन टाटांनी जमवलेल्या चिनी-जपानी वस्तू, सर दोराबजी टाटांची युरोपीय तैलचित्रं. बाजारात काय खपतं याचा हिशेब आता मागे पडला होता. श्रीमंतांनी हौसेने जमवलेलं शहराच्या स्वाधीन केलं, आणि त्यामुळे लघुचित्रांपासून गांधार शिल्पांपर्यंत अव्वल दर्जाचं काही मुंबईकराला पाहायला मिळालं. एकच संग्रहालय पाहायचं असेल तर मी आजही हेच सांगेन. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून त्याचं नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे.

स्वातंत्र्यानंतर यादी वाढत गेली. गावदेवीचं मणिभवन (१९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम इथे असे आणि इथेच, आजारातून उठत असताना, त्यांच्या खोलीत चरखा फिरू लागला. गिरण्यांच्या शहरात!), १९८५ मध्ये उघडलेलं वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय. यांत फारसं कुणी जात नाही असं एक म्हणजे अणिक आगारातलं ‘बेस्ट’चं, म्हणजे शहराच्या बस-वीज उपक्रमाचं. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची, १९२६ मध्ये बस, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम धावली. हा सगळा प्रवास तिथे प्रतिकृती आणि जुन्या यंत्रांतून मांडला आहे. इमारत साधी, पण कामगार रोज कसा जा-ये करत होता याचा माग इथे लागतो, तो घुमटाखाली लागत नाही.

गिरणीतल्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या राहिलेल्या कामगाराचं स्वतःचं संग्रहालय मात्र अजून धड झालेलं नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही, गिरण्या एकेक करून बंद झाल्या आणि जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन-तीनच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं महापालिकेने ठरवलं, पण ते काम वर्षानुवर्षं रखडत आलं आहे. इंडिया युनायटेड समूहाच्या गिरण्या मुळात ई. डी. ससून कंपनीच्या. ई. डी. म्हणजे एलियास डेव्हिड ससून; त्यांचे वडील डेव्हिड ससून, ज्यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा भाऊ दाजी संग्रहालयाच्या अंगणात आहे.

वस्त्रोद्योग संग्रहालयात साचे आणि चात्या ठेवणं सोपं आहे. त्यांच्याइतकीच गरज आहे ती पाळीच्या पासांची, बदली कामगारांच्या कार्डांची, खानावळीच्या हिशेबवह्यांची, युनियनच्या पत्रकांची, आणि मुख्य म्हणजे आवाजांची. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला साचेवाला आज सत्तरीच्या घरात आहे. बरेचसे कोकणात आणि सातारा-कोल्हापूरकडे गावी परतले आहेत. इमारतीची निविदा निघेल तेव्हा निघो, पण ध्वनिमुद्रण करायला इमारत लागत नाही.